एफडी मोडून लग्नाच्या ऑर्डरी आणायच्या का?

कोल्हापूरच्या एका फोटोग्राफरचा लांबलचक मेल आलाय. थोडक्यात सांगतो. वय ३२, राजारामपुरीत भाड्याचा छोटा स्टुडिओ, मागच्या वर्षी लग्नाच्या २२ ऑर्डरी, सरासरी पॅकेज ५५ हजार. बायकोला नोकरी आहे, पगार २८ हजार, मुलगी ४ वर्षांची, घरखर्च ३८ हजार. बँकेत ४ लाखांची एफडी, बाकी बचत जवळपास काहीच नाही. आता ही एफडी मोडून लग्नाच्या एका वेबसाईटवर वर्षाचं पेड लिस्टिंग घ्यायचं (९० हजार), पुण्याच्या एका एजन्सीला इन्स्टाच्या जाहिरातींसाठी महिना २० हजार असे ६ महिने द्यायचे, वेडिंग एक्झिबिशनमध्ये ४० हजाराचा स्टॉल लावायचा आणि वर १ लाख २० हजाराची लेन्स. म्हणजे ३ लाख ७० हजार. प्रश्न असा की करू का?

नका करू. निदान या पद्धतीने तरी नका करू. का ते सांगतो, आणि तुम्ही सगळे आकडे प्रामाणिकपणे लिहून पाठवलेत म्हणून सांगता येतंय, नाहीतर बरेच जण "धंदा बरा चाललाय" एवढंच लिहितात आणि मग आम्ही काय सांगणार.

आधी एका ऑर्डरमागे हातात काय राहतं ते बघा. ५५ हजारातले कँडिड फोटो काढणाऱ्या दुसऱ्या माणसाचे ८, व्हिडिओवाल्याचे ९, करिज्मा (पुस्तकासारख्या छापील) अल्बमचे ९, एडिटिंगचे ७, गाडीपेट्रोल २, झाले ३५. उरले २० हजार. २२ ऑर्डरीचे ४ लाख ४० हजार, बारसं-डोहाळजेवणाचे वरचे सव्वा लाख धरा, त्यातून स्टुडिओचं भाडं, हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर, नेट असे दीडेक लाख गेले की वर्षाला ४ लाखाच्या जरा वर, महिन्याला ३४-३५ हजार. आता लेन्स बाजूला ठेवली तरी जाहिरातीवरचे अडीच लाख नुसते वसूल व्हायला २० हजाराच्या हिशोबाने १३ ऑर्डरी जास्तीच्या लागतात. त्यात तुमचा नफा शून्य, १३ लग्नं फुकट उभं राहायचं.

आणि ही १३ लग्नं करणार कधी? तुम्हीच लिहिलंय की मागच्या सीझनला ६ ऑर्डरी तारीख क्लॅश झाली म्हणून सोडल्या. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, मग एप्रिल-मेमध्ये एकेका मुहूर्ताला अख्ख्या जिल्ह्यातली कार्यालयं फुल्ल, आणि आषाढी एकादशी झाली की चार महिने शांत, काढीव मुहूर्तावर होतात तेवढीच. नवीन जाहिरातीतून येणारी माणसंसुद्धा त्याच दहा-पंधरा तारखा मागणार. इन्क्वायरी वाढल्या तरी तुम्ही एकच आहात, त्यामुळे तुमचा माल म्हणजे तारीख, आणि तो माल वाढत नाही. मग पैसा वाढायचा एकच सरळ रस्ता उरतो, तीच तारीख जास्त दाम देणाऱ्याला विकायची.

हिशोब करून बघा. पॅकेज ५५ चं ७० केलं, त्यात खर्च समजा ३ हजाराने वाढला, तर ऑर्डरमागे ३२ हजार राहतात. रेट बघून ४ जण गेले असं धरू. १८ ऑर्डरीचे ५ लाख ७६ हजार, आत्ता २२ चे ४ लाख ४० मिळतायत. काम कमी, पैसा जास्त, जाहिरात शून्य. आणखी ४ गेले तरी १४ चे ४ लाख ४८ हजार होतात, म्हणजे आठ जण गेले तरी तुम्ही आजच्या खाली येत नाही. हे गणित एकदा बायकोसोबत बसून कागदावर मांडा, कारण रेट वाढवताना पोटात गोळा येतो आणि तो माणूस एकटा असला की जास्त येतो.

आता ७० देणारे कोण ते बघू. इथे तुमच्या मेलमधली यादी खरी कामाची आहे. २२ पैकी १३ जुन्या क्लायंटच्या ओळखीतून, ४ कार्यालयाच्या मॅनेजरकडून, ३ इन्स्टावरून, २ दुसऱ्या फोटोग्राफरने पास केलेल्या. आणि ८० हजाराच्या वरच्या ज्या ५ आहेत त्यातल्या ४ मध्ये मुलगी किंवा मुलगा पुण्यात नोकरीला, लग्न मात्र कोल्हापुरात. पाचही ठिकाणी फोटोग्राफर नवरीने स्वतः ठरवला, वडिलांनी नाही. तुम्ही हे लिहून पुढे गेलात, पण तुमचा क्लायंट इथेच सापडलाय की! कोल्हापुरातल्या माणसाला ४० हजारात करून देणारा कोणीतरी चुलत मेव्हणा माहीतच असतो, पुण्यात बसलेल्या मुलीला मात्र गावाकडचा भरवशाचा, वेळेवर येणारा, रील्स नीट एडिट करून देणारा माणूस हवा असतो आणि तो शोधायला तिला सुट्टी नसते.

म्हणून वेबसाईटचं लिस्टिंग मला पटत नाही. अशा ठिकाणी एकच लीड, म्हणजे गिऱ्हाइकाची चौकशी, चार-पाच फोटोग्राफरना जाते आणि पहिला मेसेज येतो तो "बेस्ट प्राइस काय?", तिथे तुम्ही रेट वाढवायच्या ऐवजी पाडायलाच लागणार. वर पैसे वर्षाचे आधीच भरलेले. स्टॉलचंही तसंच, गर्दी होते, कार्डं वाटली जातात, लोक पाच स्टॉलचे रेट घेऊन घरी जातात. चाळीस हजारात त्याच्यापेक्षा पुष्कळ काही होतं.

एजन्सीबद्दल. जाहिरात वाईट नाही, ६ महिन्याचा करार वाईट. तुम्ही स्वतः आधी ४५ दिवस दिवसाला ३०० रुपये घाला, १३,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, १६ हजाराच्या आत काम होतं. लोकेशन कोल्हापूर न ठेवता पुणे ठेवा, बटण थेट व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि रीलमध्ये स्पष्ट लिहा "कोल्हापूर-सांगलीत लग्न आहे?" आणि खाली "पॅकेज ६५ हजारापासून". रेट लिहायला लोक घाबरतात, पण रेट लिहिला की फुकट चौकशीवाले आपोआप गळतात आणि तुमचे रात्रीचे दोन तास वाचतात. ४५ दिवसात किती मेसेज आले, किती जण बोलले, किती बुक झाले हे वहीत लिहा. एक ऑर्डर आणायला ५-६ हजारापर्यंत गेले तर चालू ठेवा, १२ हजाराच्या वर गेले तर बंद.

एजन्सीवाला म्हणाला की हा खर्च टॅक्समधून वजा होईल. तुम्ही रिटर्न छोट्या धंद्यांच्या अंदाजी नफ्याच्या योजनेत (४४एडी म्हणतात ती) भरता ना? मग नाही होणार. तिथे उलाढालीच्या ठराविक टक्क्यावर नफा धरतात आणि सगळे खर्च त्यात आलेच असं मानतात. आणि तुमच्या उत्पन्नावर नव्या रेजीममध्ये टॅक्स तसाही शून्य, वाचवणार काय कप्पाळ.

ज्या ४ ऑर्डरी कार्यालयाच्या मॅनेजरकडून आल्या तिकडे जास्त लक्ष द्या. तारीख ठरली की लोक आधी हॉल पकडतात, फोटोग्राफर नंतर, त्यामुळे कुणाचं लग्न कधी आहे हे मॅनेजरला तुमच्या आधी कळतं. मेकअपवालीला आणि डेकोरेटरलाही. त्यांना कमिशन देत बसण्यापेक्षा प्रत्येक लग्नाचे त्यांच्या कामाचे दहा चांगले फोटो आठवड्यात पाठवा, वापरायची परवानगी द्या, खाली तुमचं नाव टाकायला सांगा. कमिशनवर आलेली ऑर्डर उद्या जास्त कमिशन देणाऱ्याकडे जाते. गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, २२ जणांना फोन करून रिव्ह्यू मागा आणि त्यात कार्यालयाचं नाव लिहायला सांगा, लोक सर्च तसंच करतात.

या सगळ्याला पैसा कुठून? मेलच्या शेवटी सहज लिहिलंय की १ लाख ३५ हजार क्लायंटकडे अडकलेत कारण लोक अल्बमचे फोटो सिलेक्ट करून देत नाहीत. अहो, हेच तुमचं मार्केटिंगचं बजेट! आजच सगळ्यांना मेसेज टाका की १५ दिवसात सिलेक्शन आलं नाही तर मी निवडून अल्बम छापतो, बॅलन्स आधी. आणि पुढच्या बुकिंगपासून ४० टक्के बुकिंगला, ५० हळदीच्या आधी, अल्बमवर फक्त १० ठेवा.

लेन्स भाड्याने घ्या. दिवसाला बाराशे भाडं आहे म्हणताय, वर्षात ८ लग्नांनाच ती लागते, म्हणजे १० हजाराच्या आत भागतं. सरकारच्या मुद्रा कर्जाचं विचारलंत, त्यातल्या किशोर गटात ५० हजार ते ५ लाख मिळतं, तारण लागत नाही, पण ते कॅमेऱ्यासारख्या वस्तूसाठी घ्या, जाहिरातीसाठी कर्ज मुळीच नको.

चातुर्मासातल्या चार महिन्यांचं मात्र काहीतरी करायला हवं, रेट वाढवून तो खड्डा भरत नाही. हुपरीचे चांदीवाले, चपलांचे ऑनलाइन विकणारे, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले फाउंड्रीवाले, या सगळ्यांना प्रॉडक्टचे फोटो लागतात आणि त्यांना मुहूर्त लागत नाही. लाइट तुमच्याकडे आहेत, जागा आहे. आधी उद्यम या छोट्या उद्योगांच्या सरकारी पोर्टलवर रजिस्ट्रेशन करून घ्या, ते मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. त्याचा फायदा असा की लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसात, नसेल तर १५ दिवसात कंपनीने पैसे द्यायचे असतात आणि उशीर करून वर्षअखेरपर्यंतही दिले नाहीत तर तो खर्च त्यांना त्या वर्षी टॅक्समध्ये धरता येत नाही, त्यामुळे अकाउंटवाले जरा हलतात. उलाढाल आत्ता साडेतेरा लाखाच्या आसपास आहे, २० लाखाच्या जवळ गेलात की जीएसटी बघावा लागेल, तेव्हा पॅकेज ठरवतानाच तो धरा, लग्नवाला वरचे १८ टक्के वेगळे देत नाही.

एफडी का नाही मोडायची, तर घरखर्च ३८ आणि स्टुडिओचं ९ हजार भाडं, बायकोचा पगार वजा केला तरी महिन्याला १९ हजार लागतात, चातुर्मासाच्या चार महिन्यांचे ७६ हजार. त्यात सीझनच्या मधेच कॅमेऱ्याची बॉडी बंद पडली किंवा घरात कुणी आजारी पडलं तर? (आरोग्य विम्याचं मेलमध्ये काहीच लिहिलं नाहीये. नसेल तर जाहिरातीच्या आधी तो घ्या.) अगदीच वेळ आली तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो, एफडीच्या व्याजापेक्षा साधारण टक्का-दोन टक्के जास्त पडतो, पण एफडी जागेवर राहते.

एजन्सीला आज फोन करून सांगा की आधी एक महिना करून दाखवा, पुढचं नंतर बोलू. नाही म्हणाले तर सोडून द्या.