लाइट गेली, घड्याळ मागे आलं, नंबर परत तोच

प्रश्न (भुसावळहून एक वाचक): भाऊ, आम्ही तिघं मित्र जुन्या पद्धतीचा बुलेटिन बोर्ड, म्हणजे कंप्युटरवरचा मेसेजचा फलक, चालवू राहिलो, फिडोनेट या अशा बोर्डांच्या जाळ्याच्या नियमांनी भुसावळ, अमळनेर आणि धुळे असे तीन नोड (जाळ्यातले कंप्युटर) जोडलेत आणि माझ्या नोडचं सॉफ्टवेअर मीच लिहिलंय. मेसेजचा आयडी मी घड्याळाच्या सेकंदांच्या सलग मोजणीवरून बनवतो. पण लाइट जाऊन आली की रांगेत थांबलेले आठ-दहा मेसेज एकदम सुटतात आणि अमळनेरला त्यातला एकच दिसतो, माझ्याकडे सगळे "गेले" म्हणून लिहिलेलं असतं, एरर कुठेच नाही. लाइन तर चांगली आहे, मग काय चुकतंय?

उत्तर: भाऊ, मेसेज पोचतायत सगळे, पण तिकडचा टॉसर, म्हणजे आलेले मेसेज वाटून लावणारा प्रोग्राम, एक ठेवतो आणि बाकीचे डुप्लिकेट समजून टाकून देतो, आणि नियमाने पाहिलं तर त्याचं बरोबरच आहे.

१९८४ मध्ये टॉम जेनिंग्जने फिडोनेट सुरू केलं तेव्हा बोर्ड रात्री एकमेकांना फोन लावून मेसेज द्यायचे, आणि पुढे सगळ्यांसाठीच्या चर्चा म्हणजे एकोमेल आल्यावर एकच मेसेज दोन वाटांनी फिरून परत त्याच नोडवर यायला लागला. म्हणून नोड आलेल्या मेसेजची ओळख लक्षात ठेवतो, तीच परत दिसली की फेकतो. ही ओळख कशी लिहायची ते १९९१ च्या एफटीएस-०००९ या स्टँडर्डमध्ये आहे. एमएसजीआयडी नावाची एक लपलेली ओळ, त्यात आधी नोडचा पत्ता आणि मग आठ हेक्स अक्षरांचा (० ते ९ आणि ए ते एफ) नंबर. अट अशी की त्या पत्त्यावरून तोच नंबर तीन वर्षांत परत निघता कामा नये. पत्ता सोबत असल्यामुळे धुळ्याने काय नंबर टाकला याची तुम्हाला काळजी नाही, जसं सावद्याच्या काट्याची १०४ नंबरची पावती आणि रावेरच्या काट्याची १०४ नंबरची पावती वेगळीच असते. भांडण होतं ते एकाच काट्यावर दोन ट्रकना १०४ दिली की.

तुमच्याकडे तेच होतंय, आणि दोन ठिकाणी. एक तर रांगेतले दहा मेसेज प्रोग्राम एका सेकंदात बांधून टाकतो, सेकंद एक म्हणजे नंबर एक, म्हणून एकच दिसतो. दुसरं म्हणजे घड्याळ. तुमचा नोड छोट्या एका-बोर्डाच्या कंप्युटरवर असेल आणि त्यात घड्याळाची बॅटरी नसेल तर लाइट आल्यावर तो शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून सुरू होतो, इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत मागेच असतो, आणि आपल्याकडे लाइटसोबत नेटही जातं हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे वापरून झालेले सेकंद परत येतात. माझ्या नोडवर केळीच्या भावाचा मेसेज रोज बरोबर आठच्या ठोक्याला जायचा, एका संध्याकाळी घड्याळ मागे आलं, आठ दोनदा वाजले आणि दुरुस्त केलेला भाव कोणाला दिसलाच नाही, मला ते शोधायला चार दिवस लागले.

उपाय सोपा आहे पण नीट करा. शेवटचा दिलेला नंबर एका फाइलीत ठेवा. नवा नंबर पाहिजे तेव्हा आत्ताचे सेकंद आणि "शेवटचा अधिक एक" यातलं जे मोठं ते घ्या. दहा मेसेज एकदम आले तर नंबर घड्याळाच्या थोडा पुढे जाईल, काही बिघडत नाही, घड्याळ त्याला गाठतं. घड्याळ मागे आलं तर एक-एक वाढत राहतो. आणि फाइलच गेली तरी, घड्याळ बरोबर आहे तोवर, नवे सेकंद जुन्या नंबरांच्या पुढचेच असतात, म्हणून नुसता एकापासून मोजणारा काउंटर मला आवडत नाही, तो फाइल गेली की परत एकवर येतो. फाइल आणि घड्याळ दोन्ही गेलं असेल तर मात्र वेळ जुळेपर्यंत मेसेज रोखून धरा.

नंबर आधी फाइलीत पक्का लिहा, मग मेसेजवर टाका. मध्येच लाइट गेली तर एक नंबर वाया जाईल, जाऊ द्या, आठ हेक्स अक्षरांत ४,२९,४९,६७,२९६ नंबर बसतात, सेकंदाला एक खर्च केला तरी १३६ वर्षं पुरतील. आणि एडिटर, भावाचा प्रोग्राम, आपोआप उत्तर देणारा रोबोट, सगळ्यांनी ह्याच एका फाइलीतून, लॉक लावून नंबर घ्यायचा, पावतीबुक एकच पाहिजे. गेलेले मेसेज नव्या नंबराने परत टाका. आणि अमळनेरवाल्यांना सांगा की डुप्लिकेट मेसेज फेकण्याऐवजी वेगळ्या एरियात (कप्प्यात) टाकायची सोय बऱ्याच टॉसरमध्ये असते ती चालू करा, मग पुढच्या वेळी पुरावा समोर राहील.

प्रश्न (धुळ्याहून एक वाचिका): एवढं करण्यापेक्षा यूयूआयडीची, म्हणजे कंप्युटर आपोआप बनवतो त्या लांबलचक एकमेव ओळख-नंबराची, पहिली आठ अक्षरं घेतली तर?

उत्तर: ताई, नको. चौथ्या प्रकारच्या यूयूआयडीत ती आठ अक्षरं नुसती रँडम असतात, दहा हजार मेसेजमध्ये कुठलेतरी दोन जुळायची शक्यता एक टक्क्याच्या थोडी वर जाते आणि सत्त्याहत्तर हजारांच्या आसपास ती पन्नास टक्के होते. पहिल्या प्रकारात तर वेळेवरून बनलेली ती आठ अक्षरं साधारण सात मिनिटांनी फिरून परत पहिल्यापासून सुरू होतात. मजकुराचा सीआरसी, म्हणजे मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा, घेऊ म्हणाल तर मजकूर तोच की आकडा तोच, दर महिन्याला तीच नियमावली टाकणाऱ्याचा दुसऱ्या महिन्याचा मेसेज गायब होईल.

प्रश्न (नंदुरबारहून एक वाचक): दुसऱ्याचा मेसेज पुढे पाठवताना माझा आयडी टाकू का?

उत्तर: अजिबात नाही. आलेली ओळ अक्षर न् अक्षर तशीच पुढे द्या, लहान एबीसीचं मोठं एबीसीसुद्धा करू नका, कारण काही सॉफ्टवेअर ती नुसती अक्षरं म्हणून जुळवतात आणि उत्तराच्या रिप्लाय ओळीत तोच आयडी असतो. तो बदलला की डुप्लिकेट ओळखू येत नाही आणि कोणाचं उत्तर कोणाला ते पण तुटतं.