आसन सोडताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून आधी चिडले आणि मग काळजीत पडले. पहाटे उठून अ‍ॅप लावायचे, सूर्यनमस्कार, सात आसने, अनुलोम-विलोम आणि दहा मिनिटांचे ध्यान पाऊण तासात उरकायचे, आणि त्यानंतर ‘मन क्षणभरही जागेवर राहत नाही, वर्तमानात जगणे मला जमणारच नाही’ असे लिहायचे, हा तुझा सध्याचा क्रम आहे. धावपळ कमी व्हावी म्हणून सुरू केलेला योग धावपळीतलेच आणखी एक काम होऊन बसला आहे, हे तुझे तुलाच उमगले आहे. तेव्हा ते मी पुन्हा सांगत बसणार नाही. तुझ्या जिद्दीचे कौतुकही करणार नाही. जिद्द नसती तर तू लिहिलेच नसतेस.

मला एकच विचारायचे आहे. आसनातून तू बाहेर कशी येतेस?

तू पाठवलेली चित्रफीत मी थांबवून थांबवून पाहिली. सर्वांगासनात पाय वर जाताना तुझे लक्ष पुरते तिथे असते: तळवे पाठीला नीट टेकलेले, कोपरे आत, नजर पायांच्या अंगठ्यांवर. खाली येताना पाठीचा वरचा भाग सावकाश टेकतो, आणि कंबर जवळ आली की सगळे एकदम सुटते. टाचा सतरंजीवर आदळतात, आणि त्या आदळण्याच्या आधीच तुझा उजवा हात फोनकडे निघालेला असतो. तुझे मन ध्यानाला बसल्यावर भटकते असे तुला वाटते, पण ते ध्यानाच्या कितीतरी आधी, त्या शेवटच्या वीतभर अंतरात तुझ्या हातून निसटलेले असते. आसन सुटेपर्यंत आसन संपत नाही. हे मी वर्गात इतक्यांदा म्हणते की मुले माझी नक्कल करतात, करू देत.

वर जाताना मनाला काही मिळवायचे असते, म्हणून ते आपण होऊन हजर राहते. अंतिम स्थितीत थोडा ताण असतो, तोल सांभाळायचा असतो, त्यामुळे तिथेही ते फार लांब जात नाही. उतरताना मिळवण्यासारखे काही उरत नाही, आणि म्हणूनच मनाची खरी सवय तिथे उघडी पडते. झालेले टाकून पुढच्याकडे धावणे ही ती सवय. दिवसभर तू हेच करत असतेस. संभाषण संपण्याआधी उत्तराची जुळवाजुळव, घास गिळण्याआधी पुढचा घास. शरीराच्या बाजूनेही उतरणे सोपे नाही. पायांचे वजन खाली येत असताना पोटाच्या स्नायूंना लांबत लांबतच ते पेलावे लागते, आणि या कामाला ताबा लागतो. ते टाळले की कमरेला हिसका बसतो. (रक्तदाब किंवा मानेचे दुखणे असणाऱ्यांनी हे आसन करूच नये, हे तुला सांगून झाले आहे.)

पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात आसनावर अवघी तीन सूत्रे खर्ची घातली आहेत, ४६ ते ४८. पहिल्यात स्थैर्य आणि सुख आले, आणि लगेच दुसऱ्यात प्रयत्न शिथिल करण्याची गोष्ट आली. तू ४६ व्या सूत्रापाशी थांबली आहेस. स्थिर राहण्याचा प्रयत्न तू एवढ्या नेटाने करतेस की तो सैल कसा करायचा, हे शिकायची संधी मिळते तेव्हा तुझे लक्ष पुढच्या आसनावर गेलेले असते. ती संधी प्रत्येक आसनाच्या शेवटी येते. आसन सोडताना प्रयत्न हळूहळू कमी करायचा, पण लक्ष कमी होऊ द्यायचे नाही.

श्वासाचेही असेच आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात, आणि त्यामागे व्हेगस नावाच्या मज्जातंतूचे काम असते. म्हणून उच्छ्वास लांबवा असे सगळेच सांगतात, आणि तूही आकडे मोजून तो लांबवतेस. मात्र शेवटचा आकडा येण्याआधीच तुझी छाती पुढचा श्वास ओढायला वर उचलली जाते. उच्छ्वास पुरता होऊ दे. पुढचा श्वास येणारच आहे, त्याला आणायला जावे लागत नाही. मोजणी सोडलीस तरी चालेल.

आता तुझ्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे, कारण ते मला तोंडावर ऐकवून गेलेले विद्यार्थी आहेत. हठप्रदीपिकेत योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत: अतिआहार, अतिश्रम, वायफळ बडबड, नियमांचा हट्ट, लोकांची अतिसंगत आणि चंचलपणा. ‘बाई, यातला चौथा दोष तुमचाच’, असे एकाने मला सुनावले होते. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. अमुक वाजताच उठायचे, अमुक इतक्या आवर्तनांखाली यायचे नाही, साखळी तुटू द्यायची नाही, याला मी नियमांचा हट्ट म्हणते, आणि तो तुझ्या अ‍ॅपमध्ये ठासून भरला आहे. मी वेळ पाळायला सांगत नाही, संख्या सांगत नाही, एखादा दिवस चुकला तर विचारतही नाही. जे हातात घेतले आहे ते टाकून पळू नये, एवढेच माझे मागणे आहे. याला हट्ट म्हणायचे असेल तर म्हणा.

या मागण्यापायी माझा वर्ग कधी फार भरला नाही. तासाभरात चारच आसने होतात, घाम येत नाही, संगीत नसते, अशा तक्रारी करून माणसे गेली. त्यांतली काही फार गुणी होती, आणि त्यांची आठवण आली की वाटते, यांना थोडे रमवून ठेवले असते तर कदाचित पुढे मुद्द्यावर आणता आले असते. ही रुखरुख जात नाही. तरीही जे वेगाने शिकवून पुढे हळू करता येईल असे म्हणतात, त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. शरीराला जे रोज शिकवावे तेच ते शिकते. रोज घाई शिकवली तर ते अधिक कुशलतेने घाई करू लागते. तुझ्या चित्रफितीत मला हेच दिसले, आणि म्हणून एवढे लांबलचक लिहिते आहे.

ध्यानात मन भटकते याचे इतके दुःख करू नकोस. जिथे जिथे मन जाईल तिथून तिथून त्याला परत आणावे, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाला सांगितले आहे. मन जाणारच हे तिथे गृहीत धरलेले आहे. तू मात्र त्याला मानगूट धरून आणतेस आणि वर स्वतःला बोल लावतेस. परत आणणे हेही सावकाशच व्हायला हवे. एका विचारातून निघून श्वासापाशी येईपर्यंतचा जो प्रवास आहे, तो आसन सोडण्यासारखाच आहे, आणि तोही तू धाडकन संपवतेस.

सध्या सर्वांगासन बंद ठेव, भिंतीला पाय लावून झोपलीस तरी पुरे. भुजंगासन, पश्चिमोत्तानासन आणि शवासन एवढेच कर. उतरायला चढण्याइतका तरी वेळ लागू दे. पश्चिमोत्तानासनातून उठताना डोके सर्वांत शेवटी वर येऊ दे. शवासनातून थेट उठून बसू नकोस, अंधारी येते; गुडघे दुमड, कुशीवर वळ, थोडी तशीच पडून राहा आणि मग हाताच्या आधाराने ऊठ. फोन दुसऱ्या खोलीत राहील. ध्यानाची ती दहा मिनिटे तूर्तास नकोत.

निवासी शिबिराला जावे का, असे शेवटी विचारले आहेस. यंदा जाऊ नकोस. तिथे दिवसभराचे वेळापत्रक असते, आणि तू ते इतरांपेक्षा आधी पूर्ण करून दाखवशील. माझे हे म्हणणे पटले नाही तर जरूर भांड, पण त्यासाठी फोन करू नकोस. पत्रच लिही, हाताने.

कळावे.
तुझी बाई