विमानाच्या मॉडेलमधली फट भरायला कोणती पुट्टी घ्यावी? भिंतीची किंवा गॅरेजची चालते का?

भिंतीची चालत नाही. ती सिमेंटची असते, भिंतीच्या खरखरीत, सच्छिद्र पृष्ठभागावर ती धरते. प्लॅस्टिकवर तिची खपली निघते. तो विषय संपला. तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग मात्र मला झोंबला. तुम्ही लिहिलंय की मिग-२१ या लढाऊ विमानाच्या १/७२ मॉडेलमध्ये (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) पंखाच्या मुळाशी फट राहिली आहे आणि कुणीतरी तुम्हाला बजावलंय, "गॅरेजची लांबी मॉडेलला लावायची नाही, तो जुगाड आहे." लांबी म्हणजे गाडीच्या पत्र्याला लावायची पुट्टी. हे वाक्य मी नागपुरातच, तोंडावर ऐकलेलं आहे.

माझ्या मामांचं सक्करदऱ्याकडे डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. शाळेच्या सुट्ट्या माझ्या तिथेच गेल्या. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या पुट्टीला मामा लांबीच म्हणायचे. त्यांचा हात बघण्यासारखा होता. पत्र्याच्या पट्टीच्या टोकावर एवढासा गोळा घ्यायचा, पट्टी जवळजवळ आडवी धरायची आणि एकदाच ओढायची. त्याच जागी पुन्हा हात फिरवला की अर्धवट सुकलेली लांबी उपटून येते, म्हणून दुसरा हात थेट सुकल्यावर. नवीन पोरगा जाड थर द्यायला लागला की लगेच आवाज यायचा, "काहून थापून राहिला बे? पातळ दे. सुकू दे ना, मग दे दुसरा हात."

मी मिग-२१ केलं ते असंच. किट जुन्या साच्याचं, धड आणि पंख यांच्यात नख शिरेल एवढी फट. ते एका प्रदर्शनात मांडलं, मामांनाही घेऊन गेलो. शहरातले एक ज्येष्ठ मॉडेलवाले आले, विमान उचललं, पंखाच्या मुळाशी बोट फिरवलं. जोड बोटाला जाणवला नाही. "कुठली पुट्टी?" मी सांगितलं. विमान खाली ठेवून ते चारचौघांत म्हणाले, "गॅरेजचा माल आहे. वर्षभरात फाटेल." मामांनी शब्द काढला नाही. पण पुढे माझ्या एकाही प्रदर्शनाला ते आले नाहीत. त्या विमानाने त्यानंतर नागपूरचे कितीतरी उन्हाळे काढलेत आणि जोड अजून जसाच्या तसा आहे.

त्या गृहस्थांना तेव्हा जे ऐकवायला हवं होतं ते इथे लिहितो. तामिया या मॉडेलवाल्या जपानी कंपनीची राखाडी बेसिक पुट्टी घ्या नाहीतर गॅरेजची एनसी लांबी, दोन्ही एकाच रीतीने सुकतात. आतलं थिनर उडतं, उरलेला माल घट्ट होतो. थिनर उडालं की आकसणं आलंच. जाड दिली तर दोन्ही फाटतात, पातळ दिली तर दोन्ही टिकतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो तेव्हा दुपारी लांबी लावली तर दुधावर साय धरावी तसा वर पापुद्रा येतो आणि आत ओलंच राहतं. घासून, रंग देऊन मोकळे झालात की मग ती आत बसते आणि जोडाची रेघ रंगातून वर येते. रात्री लावा, कूलरच्या झोतात ठेवू नका.

आणि खरं सांगायचं तर फट पुट्टीने भरायचीच नसते, प्लॅस्टिकने भरायची असते. १/७२ ला ०.२ मिमीची फट म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ दीड सेंटीमीटर. आधी पत्रा ठोकून जागेवर आणायचा, लांबी शेवटी. मामांच्या गॅरेजात याला अपवाद नव्हता. तुम्ही धडाच्या आत स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) एक तुकडा आडवा अडकवा, म्हणजे धडाच्या बाजू फाकून पंखाला भिडतील. पंखांची टोकं टेपने वर ओढून फट मिटवायची युक्ती सगळे सांगतात. मिग-२१ ला ती करू नका. त्याचे पंख टोकाकडे दोन अंश खाली झुकलेले असतात, टेपने तो झुकाव जातो आणि विमान भलतंच दिसतं. तरीही फट उरली तर तिच्यात स्टायरिनची (किटच्याच जातीच्या प्लॅस्टिकची) पातळ पट्टी सरकवा, पातळ सिमेंट, म्हणजे मॉडेल चिकटवायचं द्रव, सोडा, एक दिवस थांबून वरचं छाटा. त्यानंतर जी रेघ उरेल ती लांबीची. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, एकच हात, आणि लांबी ओली असतानाच टेप काढायची. सुकल्यावर ६०० चा पाणी पेपर, मग १००० चा, मग प्रायमर. राहिलेलं सगळं प्रायमरमध्ये दिसतं.

शेपटीच्या आडव्या पंखांपाशी मात्र काही भरू नका. ते आख्खेच्या आख्खे फिरतात, खऱ्या विमानावरही तिथे फट असतेच. १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत हे विमान आपल्या वायुसेनेत होतं, फोटोंना तोटा नाही. लांबीचा डबा उघडण्याआधी ते बघा.

आता थोडी सावधगिरी. एनसीतलं थिनर प्लॅस्टिक मऊ करतं, म्हणून आधी स्प्रूवर लावून बघा आणि पातळ भागांवर फारच कमी घ्या. दुकानात नुसतं "गाडीची पुट्टी" म्हटलं तर हार्डनर मिसळायची पॉलिएस्टरवाली हातात देतात. ती आपल्या कामाची नाही, एनसी म्हणूनच मागा. कॉकपिटच्या काचेजवळ यातलं काहीच नको, तिथे व्हॅलेहो कंपनीची पाण्यावरची पुट्टी लावून ओल्या कापसाने पुसून घ्या. मोठं भोक असेल तर एम-सील, ते आकसत नाही. फेविक्विकने भरलंत तर त्याच दिवशी घासा, रात्रभर राहिलं की ते आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा कडक होतं आणि घासताना प्लॅस्टिकच झिजतं. खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा. एनसीचा सगळ्यात लहान डबा घ्या आणि झाकण लगेच घट्ट लावा, नाहीतर पुढच्या वेळी वरचा थर दगड झालेला असतो.