मीठ, वीज आणि मूग : गावांच्या नावांची चौकशी

प्रश्न : मी बोटीवर एबी (खलाशी) आहे, सध्या साईन ऑफ करून देवगडला घरी आलोय. आमच्या बोटीवर निम्मे लोक फिलिपिनो, आणि त्यातले दोघे पंगासिनान नावाच्या प्रांतातले. एक म्हणतो, आमच्या गावावर सारखी वीज पडायची म्हणून गावाचं नाव कालासियाओ. दुसरा लिंगायेनचा. त्याच्या गावात म्हणे एक प्रचंड चिंच होती, माणसं पुढे गेली तरी मागे वळून तिच्याकडे बघायची, म्हणून लिंगायेन. दोघंही शपथेवर सांगतात. हे खरं, की मेसरूममधल्या थापा?

उत्तर : थापा नव्हेत रे झिला. दोघांनीही घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलंच तुला सांगितलंय. तिकडे अशा गोष्टीला 'अलामात' म्हणतात, आणि अलामात नसलेलं गाव शोधून सापडायचं नाही. मी जन्म इंजिनरूममध्ये काढला. रात्रीच्या वॉचला मशीन नीट चालू असली की गप्पांशिवाय दुसरं असतंच काय? पंगासिनानच्या ऑइलरांकडून या गोष्टी मी पुरेपूर ऐकल्यात. पण दोन्ही एका तागडीत घालू नकोस. विजेची गोष्ट बरीच भक्कम आहे, चिंचेची पोकळ.

तिथल्या भाषेत 'लासी' म्हणजे वीज. एखाद्या शब्दाच्या आधी 'का' आणि शेवटी 'आन' लावलं की ती वस्तू जिथे मुबलक, ती जागा. 'बोलो' ही बांबूची एक जात. तिच्यावरून 'काबोलोआन', आणि हे त्या प्रांताच्या आतल्या भागाचं जुनं नाव. त्याच साच्यात 'लासी' घाल, 'कालासियान' मिळतं. तिथून कालासियाओ फार लांब नाही. हा साचा भाषेत आधीपासून होता, गोष्टीसाठी कुणी मुद्दाम घडवलेला नाही. चिंचेचं तसं नाही. वळून बघणं म्हणजे 'लिंगावेन', बरं. पण त्यातल्या 'वे'चा 'ये' का झाला, आणि एका झाडाकडे बघितल्यावरून अख्ख्या गावाला क्रियापद का चिकटलं, याला गोष्टीकडे उत्तर नाही. शिवाय याच गावाची दुसरीही कथा आहे, की नाव मुळात चिनी. एका गावाच्या दोन-दोन जन्मकथा असल्या की मी दोन्हींकडे संशयाने बघतो.

चिनी कथेमागे निदान इतिहास तरी आहे. लिमाहोंग नावाचा चिनी चाचा १५७४ च्या अखेरीस मनिलावर चालून गेला. तिथे मार खाल्ल्यावर वर सरकून लिंगायेनच्या बाजूला कोट बांधून बसला. स्पॅनिश सरदार हुआन दे साल्सेदोने त्याला वेढा घातला, तो कित्येक महिने चालला. आतल्या लोकांनी तेवढ्यात होड्या बांधल्या, समुद्रापर्यंत वाट खणली, आणि १५७५ च्या ऑगस्टमध्ये लिमाहोंग साल्सेदोच्या हातावर तुरी देऊन पसार झाला. लिंगायेनला ती खाडी आजही त्याच्याच नावाने दाखवतात. विजयदुर्गच्या माणसाने ही गोष्ट ऐकली तर त्याला ती आपल्याच खाडीत घडल्यासारखी वाटेल. पण चाचा येऊन गेला म्हणून नाव चिनी ठरत नाही.

खरी मजा मित्रांच्या प्रांताच्या नावात आहे, आणि ती त्यांनी तुला सांगितली नाही याचंच मला आश्चर्य वाटतं. 'असिन' म्हणजे मीठ. पंग-असिन-आन, मीठ करायची जागा. दासोल-बोलिनाओच्या बाजूला समुद्राचं पाणी वाफ्यांत कोंडून उन्हावर आटवून अजून मीठ करतात. मालवण हे 'महालवण' असं सांगणारे आपल्याकडे आहेतच ('माडबन' म्हणणारेही आहेत, आणि दोघांची भांडणं मी बाजारात ऐकलीत). तुझ्याच तालुक्यातलं मिठबांव नावातच मीठ घेऊन बसलंय. शिरोड्याची मिठागरं तर १९३० च्या सत्याग्रहामुळे देशभर पोचली. जिथे मीठ पिकतं त्या जागेला मिठाचं नाव पडावं, यात गोष्ट रंगवण्यासारखं काहीच नाही, आणि नेमक्या अशाच नावांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो. तिकडे लिंगायेनच्या शेजारचं बिनमालेय बघ. 'बालेय' म्हणजे गाव आणि बिनमालेय म्हणजे 'गाव झालं'. वाडीची वस्ती वाढली, गाव झालं, तेच नाव राहिलं. ना राजकन्या, ना वीज.

कालासियाओवाल्याला एवढं सांग की पुढच्या कॉन्ट्रॅक्टला येताना तिथला 'पुतो' घेऊन ये. तांदळाचा, वाफवलेला, पांढराशुभ्र, आपल्या इडलीची धाकटी गोड बहीण. त्या गावाचं नाव विजेपेक्षा पुतोमुळेच जास्त गाजलंय.

प्रश्न : मी वेंगुर्ल्यात प्राथमिक शाळेत शिकवते. सातेरी देवीचा पाषाण जमिनीतून वर येत होता, भक्ताने त्याला वेंग (मिठी) मारली आणि देवी 'वेंगेत उरली', म्हणून वेंगुर्ले, ही गोष्ट मी मुलांना सांगते. एका मुलाने विचारलं, "बाई, हे खरंच घडलं?" मला नीट उत्तर देता आलं नाही. तुम्ही परदेशातल्या गावांच्या गोष्टी सांगता, म्हणून विचारते.

उत्तर : बाई, तो मुलगा हुशार आहे, त्याला गप्प बसवू नका. त्याच्यासमोर दोन वेगळे प्रश्न ठेवा : नाव किती जुनं आहे, आणि गोष्ट किती जुनी आहे. पहिल्याला कागद सापडतात. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली होती, आणि त्यांच्या कागदांत 'विंगुर्ला' असं लिहिलेलं आहे. म्हणजे नाव तेव्हाही हेच. गोष्टीला असा कागद नसतो. ती देवळात, गाऱ्हाण्यात, आजीच्या तोंडी असते. देवीची गोष्ट श्रद्धेची आहे, तिच्याकडे जन्माचा दाखला मागू नये असं माझं मत.

दाखला मागायचा तो दुसऱ्या जातीच्या गोष्टींकडे, आणि ही जात फिलिपिन्समध्ये भरमसाट आहे. नमुना सगळीकडे एकच : स्पॅनिश शिपाई येतो, गावकऱ्याला आपल्या भाषेत विचारतो, "या जागेचं नाव काय?" गावकऱ्याला वाटतं, हातातल्या वस्तूबद्दल विचारतोय. तो वस्तूचं नाव सांगतो आणि तेच गावाला चिकटतं. लुझोन या त्यांच्या सर्वांत मोठ्या बेटाबद्दल हेच सांगतात. माणूस उखळात भात कांडत होता, त्याने सांगितलं 'लुसोंग', म्हणजे उखळ, आणि झालं लुझोन. गोष्ट झकास आहे. पण स्पेनची पहिली मोहीम घेऊन मॅगेलन त्या बेटांवर पोचला १५२१ मध्ये. त्याआधीच, १५१२ ते १५१५ च्या दरम्यान, तोमे पिरेश हा पोर्तुगीज मलाक्क्यात (आजच्या मलेशियातलं बंदर) बसून 'लुसोंइश' नावाच्या व्यापारी लोकांबद्दल लिहून गेला होता. स्पॅनिश माणूस उखळाजवळ पोचायच्या आधीच नाव मलाक्क्याच्या बाजारात फिरत होतं. उखळ आणि लुझोन यांचं काही नातं असेलही, पण तो शिपाई नक्कीच नंतर घुसवलेला.

पोर्तुगिजांच्या 'बोम बाइया'वरून मुंबई, हे आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं ते याच जातीचं. मुंबादेवी कोळ्यांच्या घरची, ती तिथेच होती; पण परक्या माणसाने बारसं केलं म्हटलं की गोष्टीला वजन येतं, असं लोकांना उगाच वाटतं. मला या गोष्टींचा रागही येतो आणि गंमतही वाटते. जरा नीट बघितलं तर त्यातला मूर्ख नेहमी साहेब असतो. उखळाचं नाव बेटाला देऊन तो निघून जातो आणि गावकरी हसत कांडत राहतो. राज्य त्यांचं होतं, निदान गोष्ट तरी यांची.

मुलांना हीच कसोटी लावायला द्या. गोष्टीत परका माणूस आहे का? तो येण्यापूर्वीचा एखादा कागद, शिलालेख, नकाशा आहे का? आणि त्यात नाव आधीच आहे का? चौथीची मुलं हे आनंदाने करतील.

प्रश्न : मनिला शहराच्या नावात आपली 'नीळ' आहे असं ऐकलं. एवढ्या लांब ती कशी पोचली? (कणकवलीचे एक वाचक)

उत्तर : आहे. 'माय' म्हणजे 'आहे' आणि 'निला' म्हणजे नीळ. मायनिला, जिथे नीळ आहे ती जागा. तिथली लोकप्रिय गोष्ट वेगळी आहे. 'निलाद' नावाचं खाजणातलं, पांढऱ्या फुलांचं झुडूप नदीकाठी पुष्कळ होतं, म्हणून मायनिलाद. आपल्यासारख्या कांदळवनाशेजारी वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. पण भाषेचे अभ्यासक विचारतात की शेवटचा 'द' गेला कुठे? रोज ते झाड बघणाऱ्या आणि तीच भाषा बोलणाऱ्या लोकांनी तो का गाळावा? म्हणून ते निळीच्या बाजूने आहेत, आणि मीही.

नीळ तिथे थेट आपल्या किनाऱ्यावरून गेली असं मात्र समजू नका. संस्कृत शब्द मलय व्यापाऱ्यांच्या तोंडून त्या बेटांवर उतरले. तागालोगमध्ये, म्हणजे मनिलाकडच्या भाषेत, शिक्षकाला 'गुरो', चेहऱ्याला 'मुखा', आशेला 'आसा' आणि बातमीला 'बालिता' म्हणतात. ही बालिता म्हणजे आपली वार्ताच.

आणि आता जे सांगतोय ते ऐकून मी स्वतः केबिनमध्ये उठून बसलो होतो. मनिलाजवळच्या लागुना प्रांतात १९८९ मध्ये एक ताम्रपट सापडला. लिपी कावी (जावाकडची जुनी लिपी), भाषा जुनी मलय, आणि सुरुवातीची तारीख कशी, तर शके ८२२, वैशाख महिना, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार! म्हणजे इसवी सन ९००. आपल्या घरातल्या पंचांगाची पद्धत, महिना तोच, वार तोच. मजकूर कुणा राजाच्या पराक्रमाचा नाही. नामवरन नावाच्या माणसाचं एक काती आणि आठ सुवर्ण (ही तेव्हाची वजनं) इतकं सोन्याचं कर्ज फिटलं, त्याचं कुटुंब मोकळं झालं, एवढीच पावती. त्या पावतीत 'तुंदुन' हे गावाचं नाव येतं. तेच आजचं टोंडो, मनिलाचा बंदराकडचा दाटीवाटीचा भाग. ताम्रपट मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या बंदरात शोअर लीव्ह मिळाली की पोरं मॉलमध्ये जातात. जा, पण वाटेत हेही बघा.

प्रश्न : आमच्या बाणकोटच्या किल्ल्याला इंग्रजांनी 'फोर्ट व्हिक्टोरिया' नाव दिलं होतं. आज ते कुणी घेत नाही. मग फिलिपिन्समध्ये सान कार्लोस, सान होसे अशी नावं कशी टिकली? (मंडणगडचे एक वाचक)

उत्तर : फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव किल्ल्याच्या दरवाजावर थांबलं, खाली गावात उतरलंच नाही. त्याआधीचं मराठ्यांचं 'हिंमतगड'सुद्धा उतरलं नाही. स्पॅनिश राज्यकर्ते मात्र किल्ल्याऐवजी चर्चमधून कारभार करायचे. विखुरलेल्या वाड्यांतली माणसं उचलून चर्चच्या घंटेच्या टप्प्यात आणून वसवायची, हा त्यांचा रिवाज. जन्म, लग्न, मरण सगळं पाद्रीबाबाच्या वहीत, आणि वहीवर गावाचं जे नाव तेच पोराच्या कपाळी. तीनशेहून जास्त वर्षं असं चाललं की सान कार्लोस परकं वाटेनासं होतं.

तरी पंगासिनानमधली बरीच नावं जुनीच राहिली आहेत. सान कार्लोसचं काय झालं ते ऐका. त्याचं मूळ नाव बिनालातोंगान. 'बालातोंग' म्हणजे मूग. मुगाचं गाव. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला जिंकली आणि स्पॅनिशांची पत गेली. ते बघून या मुगाच्या गावातून हुआन दे ला क्रूझ पालारिसने करांविरुद्ध बंड पुकारलं. ते प्रांतभर पसरलं आणि १७६५ पर्यंत धुमसलं. शेवटी पालारिस पकडला गेला, फासावर चढला. बहिणीनेच फितुरी केली असं तिथे सांगतात. आणि बंडाचं गाव नकाशावर राहिलं ते स्पेनच्या राजाच्या, तिसऱ्या कार्लोसच्या, नावाने. (त्या इंग्रजी फौजेत मद्रासहून नेलेले हिंदी शिपाई होते. त्यातले पुष्कळसे पळून मनिलाजवळच्या काइंता गावी राहिले, संसाराला लागले. त्यांच्या नाकी-डोळी वंशजांबद्दल काइंतावाले अजून कौतुकाने बोलतात.)

अलामिनोसचं जुनं नाव सारापसाप. तिथे एका स्पॅनिश गव्हर्नर जनरलचं नाव चिकटलं. देशाचं नाव तरी काय वेगळं? १५४३ मध्ये विल्यालोबोस नावाच्या दर्यावर्दीने स्पेनच्या युवराजाच्या, फिलिपच्या, नावाने काही बेटांना 'फिलिपिनास' म्हटलं, ते पुढे सगळ्यांनाच लागू झालं.

प्रश्न : आमच्या बोटीवरच्या तीन फिलिपिनोंची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात. तिघं नातेवाईक का? (हर्णैचे एक वाचक)

उत्तर : नातेवाईक असतीलच असं नाही, गाववाले असू शकतात. १८४९ मध्ये गव्हर्नर जनरल क्लावेरियाने हुकूम काढला की प्रत्येक घराला कायमचं आडनाव हवं, म्हणजे करवसुली आणि खानेसुमारी सोपी. आडनावांची छापील यादी प्रांतोप्रांती गेली, पानं फाडून गावोगावी वाटली. ज्या गावाच्या वाट्याला जे पान, त्या गावाची आडनावं त्या अक्षराची. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात म्हणूनच 'र'ची एवढी आडनावं आहेत. आपल्याकडे हर्णैचा माणूस हर्णेकर होतो. तिकडे आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून गाव ओळखायचं. तिघांना विचारा, कुठल्या गावचे ते.