रोडसाइड असिस्टन्सची गाडी यायला इतका वेळ का लागतो? कंपनी बदलून फरक पडेल का?

गाडी बंद पडली म्हणून लहान मुलीला घेऊन तुम्ही हायवेवर रोडसाइड असिस्टन्सची, म्हणजे रस्त्यात मदतीला येणाऱ्या सेवेची, वाट बघत साडेतीन तास थांबलात आणि दर फोनला ‘अर्ध्या तासात पोचतोय’ एवढंच ऐकलंत, हे वाचून जीव कळवळला. आमच्यावर हीच वेळ खंबाटकी घाटात आली होती.

दिवाळीची गर्दी होती, पुण्याहून कराडला निघालो होतो. घाटात गाड्या मुंगीच्या पावलांनी चढत होत्या. अर्ध्या चढावर जळका वास सुटला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलेना. क्लचप्लेट गेली होती. संध्याकाळचे सहा वाजलेले, मागे सासूबाई, त्यांना मधुमेह. रोडसाइड असिस्टन्सला फोन लावला, तिथल्या बाईंनी पिनकोड विचारला. घाटातल्या वळणाचा पिनकोड कोणाला ठाऊक असतो? ‘एक तास लागेल’ म्हणाल्या. गाडी आली रात्री अकराला.

ती घेऊन आलेल्या दादांशी साताऱ्यापर्यंत बोलणं झालं, तेव्हा उलगडा झाला. क्रेन बहुतेक वेळा कंपनीची नसतेच. कंपनीचं असतं कॉल सेंटर, आणि गावोगावच्या क्रेनवाल्यांशी केलेला करार. एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याला विचारतात. सणासुदीला त्यांच्याकडे कामांची रांग लागलेली, त्यात घाटातल्या एका खेपेच्या वेळात शहरातल्या तीन खेपा होतात. आम्हाला सांगितलेला ‘एक तास’ कोणत्याही क्रेनवाल्याने होकार देण्याआधीचा होता. म्हणून कंपनी बदलून फार फरक पडेल असं मला वाटत नाही. त्या पट्ट्यातले क्रेनवाले तेच राहणार.

आता मी किती वेळ लागेल हे विचारतच नाही, निघालेल्या ड्रायव्हरचा नंबर मागते. नंबर मिळत नसेल तर अजून कोणी निघालेलं नाही असं धरून चालते.

आणि कळकळीने सांगते, गाडी रस्त्यातून बाजूला काढणं आणि ती वर्कशॉपला नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण दोन्हींसाठी एकाच फोनची वाट बघत बसतो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर पहिला फोन 1033 ला करा. ही महामार्ग प्राधिकरणाची हेल्पलाइन. टोल असलेल्या रस्त्यांवर गस्तीची गाडी, क्रेन आणि ॲम्ब्युलन्स ठेवलेली असते. जीवाला धोका वाटला तर 112. आम्हाला 1033 चं एका ट्रकवाल्या काकांनी सांगितलं, तेही दोन तास उलटून गेल्यावर. त्यांनीच आमच्या चाकांमागे दगड लावले आणि मागे वीस-पंचवीस पावलांवर झाडाच्या फांद्या टाकल्या. 1033 वाल्यांनी पिनकोड नाही, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा विचारला. अर्ध्या-पाऊण तासात क्रेन आली आणि टोचन लावून आम्हाला घाटाबाहेर, सुरूरच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात सोडलं. सासूबाईंना गरम भाकरी मिळाली, पुढचे दोन तास निदान उजेडात गेले.

घाटात क्रेन येईपर्यंत आम्ही गाडीतच बसून होतो, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. मागून येणाऱ्या ट्रकला अंधारात उभी गाडी शेवटच्या क्षणी दिसते. पार्किंग लाइट, म्हणजे एकदम लुकलुकणारे चारही इंडिकेटर, चालू ठेवा, लाल त्रिकोण बराच मागे ठेवा आणि मुलीला घेऊन कठड्यापलीकडे सुरक्षित जागा असेल तर तिथे उभे राहा. पाऊस असला तरी.

ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर फोनवरच ‘फ्लॅटबेड पाठवा’ (अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) असं स्पष्ट सांगा. नाहीतर साधी क्रेन येते आणि पुन्हा पहिल्यापासून वाट बघावी लागते.

पॉलिसीत मोफत टोइंगचे किलोमीटर किती आहेत तेही घरी असतानाच बघून ठेवा. आमच्यात कराडपर्यंतचं अंतर बसत नव्हतं. गाडी साताऱ्याच्या गॅरेजबाहेर लावली आणि रात्री एकच्या एसटीने घरी गेलो.