निम्मं निम्मं

चि. लेकरा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पत्र कसलं, व्हॉट्सअ‍ॅपवरचा लांबलचक मेसेज, आणि तोही रात्री पावणेतीनला पाठवलेला. मला मोबाइलवर एवढं टाइप करणं होत नाही, म्हणून वहीत लिहितोय. नात फोटो काढून पाठवील. अक्षर लागलं नाही तर फोन कर, पण दुपारी करू नकोस, मी झोपतो.

तू लिहिलंयस की पहाटे ध्यानाला बसला होतास. लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या अण्णांनी तीनदा आवाज दिला. चौथ्यांदा तू ओरडलास, "पाच मिनिटं तरी शांत बसू देता का?" अण्णा एकदम गप्प झाले आणि भिंतीकडं बघत राहिले. उठून बघितलंस तर अंथरूण ओलं. ते बदललंस, त्यांना पुसून घेतलंस आणि मग दिवसभर स्वतःचीच लाज वाटत राहिली. शेवटी मला विचारलंयस, "काका, मी ढोंगी आहे का? कोणती साधना केली म्हणजे हा राग जाईल?"

साधनेचं मला विचारू नकोस. मी एकतीस वर्षं एस.टी.त तिकिटं दिली, दीक्षा कुणाला दिली नाही. पण त्यातली चौदा वर्षं तुझे अण्णा माझ्या गाडीवर ड्रायव्हर होते. तेव्हा अण्णांविषयी आणि रागाविषयी दोन गोष्टी मी सांगू शकतो.

आधी साधी गोष्ट. पावणेतीनला तू मला मेसेज पाठवतोस आणि साडेचारला उठून ध्यानाला बसतोस. मधे दर 2 तासांनी अण्णांची कूस बदलतोस. ते बरोबरच आहे, लकवा झालेल्या माणसाला एका अंगावर ठेवलं की पाठीला जखमा होतात, ते काही सोडू नकोस. पण मग तू झोपतोस कधी? आम्हाला लागोपाठ दोन मुक्कामी ड्यूट्या लागल्या, की तिसऱ्या दिवशी हेच तुझे शांत अण्णा समोर आलेल्या बैलगाडीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरायचे. रात्रभर झोप झाली की त्याच बैलगाडीवाल्याला खिडकीतून हात करायचे. त्यांना कुणी ढोंगी म्हणालं नाही. तुझ्या अध्यात्मात काय खोट असेल ती असो, झोपेत नक्की आहे. ती आधी भरून काढ.

आता तेरचं, गोरोबाकाका कुंभारांच्या गावचं. ढोकीहून आत वळणाऱ्या त्या रस्त्यावर आम्ही किती खेपा केल्या त्याला गणती नाही. चैत्र वद्यात गोरोबाकाकांची यात्रा भरली की ज्यादा गाड्या सुटायच्या आणि टपावरसुद्धा माणसं चढायला बघायची. गोरोबाकाकांच्या थापटण्याची, म्हणजे मडकी ठोकायच्या लाकडाची, गोष्ट तुला पाठ असेल. सगळे संत जमलेत, मुक्ताबाई विचारते हे काय, गोरोबा सांगतात की यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमचीही मडकी तपासा, म्हणते ती. बाकीचे डोक्यावरचा मार गुमान सोसतात, नामदेव तेवढे कळवळतात आणि कच्चे ठरतात. रुसून पंढरपूर गाठतात. तिथं विठ्ठलही म्हणतो, गुरू कर. मग औंढ्याला विसोबा खेचर, आणि ते पिंडीवर पाय ठेवून झोपलेले.

कीर्तनकार इथं नामदेवांच्या अहंकारावर तासभर बोलतात. बोलू देत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात ज्या ग्रंथसाहेबांपुढं लोक माथा टेकतात, त्यात याच कच्च्या मडक्याची 61 पदं आहेत. कच्चं ठरलेला माणूस घरी बसला नाही, रुसलेल्या तोंडानं का होईना, औंढ्याला गेला. मला तो रुसवा फार जवळचा वाटतो.

पण मी कायम अडकतो ते थापटणं हातात असलेल्या माणसापाशी. सगळ्यांना पक्कं-कच्चं ठरवणारे हेच गोरोबा एकदा भजनात रंगून चिखल तुडवत होते आणि त्यांचं रांगतं लेकरू त्यांच्या पायाखाली आलं. कीर्तनात ही भक्तीची परमावधी म्हणून सांगतात. माझं लक्ष मात्र त्यांच्या बायकोकडं, संतीकडं जातं. पाण्याला जाताना ती सांगून गेली होती, लेकराकडं बघा. पुढं विठ्ठलानं लेकरू परत दिलं, असं गोष्टीत आहे. तू-मी जिथं राहतो तिथं परत मिळत नाही. म्हणून माझ्या मते त्या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच, की नाम कितीही गोड लागलं तरी हाक आली की पाय उचलायचा.

ध्यान सोड असं मी म्हणत नाही. पहाटेची वेळ बदल. अण्णांचं सगळं आवरून झालं, त्यांना उठतं बसवून पेज भरवली (आडवं ठेवून भरवू नकोस, ठसका लागतो), आई जवळ बसली, की मग बस. वीस मिनिटं बसलास तरी देव काही रजा कापत नाही.

आणि ध्यान मोडलं असं जे लिहिलंयस, ते मला पटत नाही. गंगाखेडच्या जनाबाईचा देव आठव. तो तिच्याबरोबर दळायला बसतो, शेण्या वेचतो, तिच्या डोक्यातल्या उवासुद्धा काढतो. देवाला उवा काढायला लावणारी ती बाई होती. त्या पहाटे ओलं धोतर पिळताना तिनं तुला बघितलं असतं, तर देव कुठल्या कोपऱ्यात शोधला असता तिनं? ध्यानाच्या आसनावर तर नक्की नाही.

पैठणच्या नाथांची गोष्ट मात्र तू स्वतःला लावून घेऊ नकोस. गोदावरीत आंघोळ करून आले की एक जण अंगावर थुंकतो, ते पुन्हा आंघोळीला जातात, पुन्हा तेच, आणि राग म्हणून नाही. नाथषष्ठीच्या ज्यादा ड्यूटीवर असताना घाटावर बसून मी एकदा माझा हिशोब केला होता. तिसऱ्या खेपेला मी त्याची गचांडी धरली असती. तुझे अण्णा म्हणाले, "तिसऱ्या? तू दुसऱ्यालाच धरशील." आम्ही दोघं हसलो आणि भजी खायला गेलो. नाथांची उंची नाथांची, आपल्याला आपल्या मापाची सोय बघायची असते.

मोबाइलवर कोणी महाराज सांगतात म्हणे, लकवा हा मागच्या जन्मीच्या कर्माचा भोग असतो. ते ऐकून तू अण्णांच्या पूर्वजन्माचा विचार करत बसतोस. 1993 साली 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून आलेली माणसं झोपेतच दगडमातीच्या भिंतींखाली गेली. पुढं काही दिवसांनी माझ्या गाडीत एक शहाणा माणूस मोठ्यानं सांगत होता, पाप वाढलं की धरणी हलते. त्याच्या शेजारी सास्तूरकडचे एक म्हातारबाबा बसले होते. त्यांच्या घरातलं कोण राहिलं होतं, मला माहीत नाही. ते काही बोलले नाहीत. उठले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. तूही तेवढंच कर. त्या महाराजांच्या शेजारून ऊठ.

आता जे सांगतो, ते मी तुझ्या काकूशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. अण्णांना माहीत आहे, कारण ते तिथं होते.

किल्लारीच्या आदल्या वर्षीचा मे महिना. दुपारी दोनची खेप. चार दिवसांपूर्वी चेकरनं माझ्या गाडीत एक विनातिकीट माणूस पकडला होता आणि माझ्यावर रिपोर्ट झाला होता. डोकं तापलेलंच होतं. एक म्हातारी चढली, पदराला गाठ. गाठ सोडली तर दीड रुपया कमी. म्हणाली, गावात गेल्यावर पोराकडून देते. मी म्हणालो, गाडी काय तुझ्या पोराची हाय का? आणि घंटी मारून तिला फाट्यावर उतरवलं. तिचं गाव अजून दोन कोस होतं. झाड नाही, पाण्याची सोय नाही. उतरताना ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाबा, तुझीबी नोकरी हाय."

दीड रुपया. माझ्या स्वतःच्या खिशात त्या दिवशी अकरा रुपये होते, सकाळी वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदावर, नोंदवलेले. त्यातला काढून तिकीट फाडावं, हे मला सुचलंसुद्धा नाही. डबल घंटी मारली, गाडी निघाली.

रात्री मुक्कामाच्या गावी मी जेवलो नाही. अण्णांनी विचारलं नाही. मारुतीच्या पारावर अंथरुणं टाकली, बराच वेळ दोघंही जागे. मग अंधारात अण्णा म्हणाले, "उतरवलं तू. गाडी पुढं नेली मी. आरशात दिसत होती ती मला." थोड्या वेळानं परत म्हणाले, "निम्मं निम्मं."

बस, एवढंच. 'जाऊ दे, होतं असं' म्हणाले नाहीत आणि 'काय केलंस हे' असंही म्हणाले नाहीत. माझं ओझं उतरलं नाही, पण उचलायला दुसरा हात लागला. आजपर्यंत मी बरीच प्रवचनं ऐकली. करुणा म्हणजे काय, हे मला त्या पारावरच कळलं.

त्या फाट्यावरून पुढं सात-आठ वर्षं जात होतो. दर खेपेला बघायचो. ती परत दिसली नाही.

मग मी सोमवार धरले. पुढं गुरुवारही धरले. कडक उपास, वर स्टँडवरचा चहा बंद. वर्षभरानंतर तुझी काकू म्हणाली, "तुम्ही त्या म्हातारीसाठी उपाशी राहता आणि चिडचिड आम्ही सोसतो. तिला त्यातलं काय पोचतं?" मला त्या दिवशी राग आला, दुसऱ्या दिवशी पटलं. उपास सोडले. त्याऐवजी सकाळी स्वतःचे म्हणून वेबिलावर नोंदवायच्या पैशांत वीस रुपये वाढवले आणि ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवले. कुणाचे दोन कमी, कुणाचे चार, त्यातून तिकीट फाडायचं. कधी संध्याकाळी वीसचे वीस शिल्लक राहायचे, कधी दुपारीच संपायचे. रिटायर होईपर्यंत तो खिसा चालला. काही जणांनी मला चक्क फसवलं, तेही सांगून ठेवतो. एका पोराचे तर महिनाभर रोज दोन रुपये कमी पडत होते.

'स्वतःला माफ करा, स्वतःवर प्रेम करा' असं हल्ली स्टेटसला असतं. मला ते अजून जमलेलं नाही. त्या म्हातारीच्या बाबतीत मी स्वतःला माफ केलेलं नाही, आणि खरं सांगू, आता त्याची गरजही वाटत नाही. मी तो माणूस आहे ज्यानं तिला उतरवलं, आणि वरच्या खिशात वीस रुपये ठेवणारा माणूसही मीच. दोघं एकाच शर्टात राहतात. तसाच अण्णांवर ओरडणारा तू आणि अंथरूण बदलणारा तू. ओरडणाऱ्याला घराबाहेर काढायच्या खटपटीत दुसऱ्याला दमवून टाकू नकोस. त्याच्याकडं सध्या बरंच काम आहे.

आता कामाचं. पहिलं म्हणजे अण्णांजवळ बसून स्पष्ट शब्दांत सांग, "परवा ओरडलो, चुकलं." त्यांना बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं धरून चालू नकोस. उजवं अंग आणि वाचा एकदम गेलेल्या माणसाला पुष्कळदा कळत सगळं असतं, शब्द तेवढे सापडत नाहीत. डॉक्टरांनाही विचार. पाणी म्हणायला जाऊन ते 'गाडी' म्हणतात ना, त्यावर हसू आलं तर हस, तेही हसतील. पण हातात तांब्या दे.

दुसरं, रात्र निम्मी निम्मी करा. आई गुडघ्याचं कारण सांगेल. रात्री एकपर्यंत तिनं जागायचं, कूस बदलायला शेजारचा पोरगा बोलवायचा, तू दहाला आडवं व्हायचं. रविवारी मी येतो. सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. ज्येष्ठ नागरिक आहे, तिकीट अर्धं पडतं, तेव्हा खर्चाचं काढू नकोस. त्या दिवशी तू घरात थांबायचं नाही. केस कापून घे, स्टँडवर बसून चहा पी, सोयाबीनचा भाव विचार, काहीही कर.

तिसरं. रिटायर झालो तेव्हा भंगारात निघालेल्या एका गाडीची जुनी घंटी मला आगारातल्या पोरांनी आठवण म्हणून दिली होती. ती घासूनपुसून ठेवलीय, रविवारी घेऊन येतो. अण्णांच्या खाटेच्या वर, डाव्या हाताला बसवू. दोरी सुताची आण, नायलॉनची नको, हाताला काचते. एक वाजली तर पाणी, दोन वाजल्या तर लघवी, असं ठरवू. त्यांना हाका माराव्या लागणार नाहीत आणि तुला चार हाकांनंतर ओळखायला लागणार नाही. चौदा वर्षं मी मारायचो आणि ते ऐकायचे. एकीला ब्रेक, दोनला गिअर. कधी चुकले नाहीत.

खिळे दोन इंची लागतील, तेवढे आणून ठेव. हातोडी मी आणतो.

तुझा,
काका