भिंग आणि जीव यांच्यामधले पाणी

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. आता चांगला कॅमेरा घ्यावा का, असे तू विचारले आहेस. छायाचित्रे नीट पाहिल्यावर माझे उत्तर असे आहे की, इतक्यात घेऊ नये. त्यांच्यावर जो हिरवट-करडा पडदा आहे आणि पांढऱ्या ठिपक्यांचा जो सडा पडला आहे, तो कॅमेऱ्याचा दोष नव्हे. तुझे भिंग आणि तो खेकडा यांच्यामध्ये निदान दीड-दोन मीटर पाणी होते, त्याचा तो परिणाम आहे. थंड पाण्यातील छायाचित्रणाविषयी मला जे सांगायचे आहे, ते बहुतेक सगळे या मधल्या पाण्याविषयीच आहे.

प्रवाळभित्तींच्या निळ्याशार छायाचित्रांशी तू आपल्या कामाची तुलना करतोस, ती सोडून दे. तिथले पाणी नितळ असते, कारण त्यात पोषक द्रव्ये फार थोडी असतात. थंड समुद्रात हिवाळी वादळे पाणी ढवळून खालची पोषक द्रव्ये वर आणतात आणि वसंतात दिवस मोठा होऊ लागला की वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिसदृश जीव, इतके वाढतात की, पाण्याला हिरवा रंग येऊन काही आठवडे हातभर अंतरावरचेही धड दिसत नाही. मात्र ज्या समुद्रफुलांसाठी, शिंपल्यांसाठी आणि माशांसाठी तू पाण्यात उतरतोस, त्या सगळ्यांचे पोट प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे याच प्लवकांवर भरते. तेव्हा गढूळपणा गृहीत धरून काम करायला शिकणे, एवढाच मार्ग आहे.

पाणी तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते. पहिल्या पाच-सहा मीटरमध्येच तो जवळजवळ नाहीसा होतो. पुष्कळांना वाटते की हा केवळ खोलीचा प्रश्न आहे, पण शोषण प्रकाशाच्या एकूण प्रवासावर अवलंबून असते. स्ट्रोबचा, म्हणजे कॅमेऱ्याला जोडलेल्या पाण्याखालच्या फ्लॅशचा, प्रकाश दोन मीटरवरच्या खेकड्यापर्यंत जाऊन परत येतो, म्हणजे चार मीटर पाण्यातून गाळला जातो. तोच खेकडा तीस सेंटिमीटरवर असेल, तर हा प्रवास साठ सेंटिमीटरचा होतो आणि त्याच्या कवचाचा खरा विटकरी रंग चित्रात उतरतो. ठिपक्यांचेही तसेच आहे. धुक्यात गाडीचे प्रखर दिवे लावले की रस्त्याऐवजी धुकेच उजळते, त्याप्रमाणे भिंगासमोरचे कण स्ट्रोबच्या प्रकाशात चमकतात. म्हणून स्ट्रोबचे दांडे दोन्ही बाजूंना चांगले लांब पसरावेत, स्ट्रोब पोर्टच्या, म्हणजे भिंगासमोरच्या पारदर्शक खिडकीच्या, रेषेच्या किंचित मागे ठेवावेत आणि त्यांची तोंडे थोडी बाहेरच्या बाजूला वळवावीत, म्हणजे प्रकाशझोताची केवळ कड त्या जीवावर पडेल आणि मधले पाणी अंधारात राहील.

भिंगाची निवडही यातूनच ठरते. सपाट पोर्टमधून पाहताना अपवर्तनामुळे वस्तू सुमारे पाऊण अंतरावर आहे असे वाटते, ती एक-तृतीयांशाने मोठी दिसते आणि दृश्यकोन आक्रसतो. लहान जीव मोठे टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सला ते चालते, रुंद दृश्य टिपणाऱ्या वाइड लेन्सला नाही. घुमटाकार पोर्ट दृश्यकोन टिकवतो, त्यामुळे वाइड लेन्स लावून वीतभर अंतरावर जाता येते आणि तरीही मागचे केल्पचे, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाचे, रान चित्रात मावते. आरंभाला शटर १/१२५ सेकंद, भिंगाचे छिद्र एफ ८ आणि प्रकाशसंवेदनशीलता आयएसओ २०० ठेव. मागच्या पाण्याचा उजेड शटरने सांभाळ आणि पुढचा जीव छिद्र व स्ट्रोबच्या शक्तीने. यापुढचे आकडे तुझे पाणीच तुला शिकवील.

आता थंडीविषयी. पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. गारठलेला माणूस घाई करतो, आणि घाईत असलेल्या माणसाला कोणताही प्राणी जवळ येऊ देत नाही. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील, तर ते आधी पाणी आत न शिरू देणाऱ्या, अंगाला नीट बसणाऱ्या ड्रायसूटवर आणि त्याच्या आतल्या उबदार कपड्यांवर खर्च कर. जाड हातमोज्यांत बोटांना काहीच उमगत नाही, तेव्हा हाउसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या, कळा आणि खटके मोज्यांसह चालवता येतात की नाही, हे घेण्यापूर्वी पाहा. दहा अंशांखालच्या पाण्यात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासासाठी पुरवणारे साधन, गोठून हवा अखंड सुटू लागण्याचा धोका असतो. थंड पाण्यासाठी बनवलेलाच रेग्युलेटर वापर, पाण्याबाहेर त्यातून श्वास घेत बसू नकोस आणि सूटमध्ये हवा भरताना ती थोडी-थोडी भर. ड्रायसूटमध्ये तरंगण सांभाळण्याचा सराव कॅमेऱ्याशिवायच पुरा कर. तळाला पाय लागून उडालेला गाळ बराच वेळ बसत नाही, आणि तोवर तुझे व तुझ्या जोडीदाराचे काम थांबते. जोडीदाराला कंटाळा आला किंवा थंडी वाजू लागली की डाइव्ह संपली, मग समोर काहीही असो.

उपकरणांची निगा थोडक्यात सांगतो. हाउसिंग उबदार, दमट खोलीत बंद केलेस, तर गार पाण्यात पोर्टच्या आतून वाफ धरेल. ते कोरड्या, थंड जागी बंद कर आणि आत सिलिका जेलची पुडी ठेव. ओ-रिंगवर, म्हणजे पेटीचा सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्यावर, एक केस राहिला तरी पाणी आत शिरते. विल्यम थॉम्पसन यांनी १८५६ साली इंग्लंडमधील वेमथच्या उपसागरात पेटीत बंद केलेला कॅमेरा तळाशी सोडला, तेव्हा त्यातही पाणी शिरले होते, आणि तरीही त्यांच्या हाती एक अंधूक चित्र लागले. पाण्याखाली घेतलेले ते पहिल्या छायाचित्रांपैकी एक, आणि तेही थंड पाण्यातले, हे मला नेहमीच गमतीचे वाटत आले आहे.

खरा अवघड भाग यापुढे सुरू होतो, कारण अंतर कमी करण्याचा निर्णय तुझ्या एकट्याच्या हातात नसतो. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवर लंपसकर नावाचा एक बेढब, गोलसर मासा असतो. विणीच्या हंगामात मादी उथळ पाण्यातील खडकावर अंडी घालून निघून जाते, नर मागे राहतो आणि अंग तांबूस-नारिंगी झालेला तो मासा पोटाखालच्या चोषक चकतीने खडकाला चिकटून, कित्येक आठवडे अंड्यांवर ताजे पाणी सोडत बसतो. तू सरळ वरून त्याच्यावर झेपावलास, तर तो जागा सोडील आणि खेकड्यांना अंडी मोकळी मिळतील. बाजूने, तळाच्या पातळीवरून, श्वास संथ ठेवून थोडे पुढे जा आणि थांब. त्याचे पाणी मारणे चालू असेल तर आणखी थोडे पुढे जा. ते थांबले किंवा त्याने तुझ्याकडे तोंड वळवले तर मागे सर. हे सगळे कॅमेरा डोळ्याला न लावता करायचे आहे. पहिला फ्लॅश पडण्यापूर्वीच चित्राचे निम्मेअधिक काम झालेले असते.

लहान जिवांच्या बाबतीत ओळख आणखी उपयोगी पडते. शंख नसलेल्या समुद्री गोगलगायी, म्हणजे न्यूडिब्रँक, शोधत तू तासभर खडक धुंडाळतोस असे लिहिले आहेस. त्याऐवजी त्यांचे अन्न शोध. त्यांतल्या कित्येक जाती हायड्रॉइडच्या, म्हणजे झुडपांसारख्या दिसणाऱ्या दंश करणाऱ्या लहान समुद्री प्राण्यांच्या, झुडपांवर चरतात आणि त्यांच्या दंशपेशी न पचवता स्वतःच्या पाठीवरच्या लांबट उंचवट्यांत साठवून ठेवतात. हायड्रॉइड ओळखता येऊ लागले, आणि त्यांच्याजवळ अंड्यांची पांढरी वळसेदार फीत दिसली, की न्यूडिब्रँक फार लांब नसतो. मात्र तो चांगल्या पार्श्वभूमीवर नाही म्हणून उचलून दुसरीकडे ठेवायचा मोह टाळ. एकदा अन्नावरून हलवलेला जीव पुन्हा तिथे पोहोचेल याची शाश्वती नसते, आणि जाणकाराला ते चित्र खोटे असल्याचे लगेच कळते. चुकीच्या झुडपावरचा न्यूडिब्रँक मला तरी पाहवत नाही.

म्हणून वर्षभर एकच जागा धर, असा माझा आग्रह आहे. हिवाळ्यात पाणी स्वच्छ असते पण वर्दळ कमी, वसंतात दिसत काही नाही पण वीण ऐन भरात असते. हिवाळ्यात वाइड लेन्स आणि प्लवकांच्या दिवसांत मॅक्रो, हा ढोबळ हिशेब तुला पुरेसा आहे. त्याच कपारीत कोण राहते, कोण कोणत्या महिन्यात येते, भरतीच्या कोणत्या प्रहरी प्रवाह थांबतो, हे वहीत लिहीत जा.

पुढच्या पत्रासोबत थोडीच चित्रे पाठव. प्रत्येकाच्या मागे तारीख, पाण्याचे तापमान, भिंगापासून जिवापर्यंतचे अंदाजे अंतर आणि तू जवळ गेल्यावर तो जीव काय करत होता, एवढे लिही. तो काय करत होता हे आठवत नसेल, तर ते चित्र पाठवू नकोस.

तुझा,
एक जुना पाणबुड्या